रिकामा वेळ आणि भरलेली हजेरी

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त कडोली येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मृगाचा पहिला दणकट पाऊस पडून गेला, की कडोलीच्या काळ्या रानात दोन-चार दिवस कोणी औत घालीत नाही. शेतकरी बांधावर येतो, मूठभर माती उचलतो, ती मुठीत दाबून पाहतो आणि तिचा गोळा होत असेल तर तसाच माघारी फिरतो. रानाला वापसा यायचा असतो. त्या दिवसांत तो पारावर बसलेला दिसला, म्हणून गावातले कोणी त्याला आळशी म्हणत नाही. कारण वापशाची वाट पाहणे हा शेतीच्या कामाचाच भाग आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. चिखलात कुरी घालून कष्टाळूपणा दाखविणाऱ्याला मात्र गाव हसते.

याच गावातून रोज सकाळी अनेक स्त्री-पुरुष बेळगावच्या कचेऱ्यांत, बँकांत आणि कारखान्यांच्या कार्यालयांत नोकरीसाठी जातात. त्यांच्याही कामात वापशाचे दिवस येतात. वरिष्ठांची सही व्हायची असते, दुसऱ्या खात्यातून कागद यायचा असतो, यंत्रणा बंद पडलेली असते, किंवा महिनाअखेर उलटून गेल्याने हातात कामच नसते. फरक एवढाच, की शेतकऱ्याला आपला रिकामा वेळ लपवावा लागत नाही आणि कचेरीतल्या माणसाला तो लपवावा लागतो. पूर्ण वेळेच्या नोकरीतील रिकामा वेळ आणि तिथली उत्पादकता यांचा विचार करताना सुरुवात या फरकापासून केली पाहिजे. नोकरीत रिकामा वेळ असतो, ही गोष्ट फारशी वाईट नाही. तो असतो हे कोणी कबूल करीत नाही, ही वाईट आहे.

मराठीत या विषयावरची प्रसिद्ध म्हण आहे: रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी. म्हण न्हाव्याला हसते. पण तो रिकामा का, हे विचारीत नाही. गिऱ्हाईक आलेले नसते, दुकान सोडून जाता येत नाही, आणि स्वस्थ बसावे तर लोक नावे ठेवतात. मग तो भिंतीलाच तुंबड्या लावतो. कचेरीतल्या कित्येक टिप्पण्या, फेरतपासण्या, स्मरणपत्रे आणि बैठका या अशाच भिंतीला लावलेल्या तुंबड्या होत. त्यांतून रोग्याला गुण येत नाही. न्हावी कामात दिसतो, इतकेच. मराठी विनोदाला हा माणूस फार पूर्वीच सापडला. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव काय, किंवा पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’तील धोंडो भिकाजी काय, दोघेही पगारदार मध्यमवर्गाचे प्रतिनिधी आहेत. पु. लं.नी काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले, त्यामुळे या भागाला त्यांच्याविषयी घरोबा वाटतो. त्यांच्या कारकुनावर महाराष्ट्र मनमुराद हसला, कारण त्या हसण्यात प्रत्येक घराची थोडी कबुली होती.

वेळ विकण्याची ही पद्धत सर्वत्र सारखी नाही. कडोलीहून उत्तरेला निपाणीकडे गेले की घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रिया भेटतात. त्यांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पान आले नाही, तंबाखू कमी पडली, मूल आजारी झाले, तर त्या दिवसाचा रिकामा वेळ सर्वस्वी त्यांच्या पदरी पडतो. त्याचे दाम कोणी देत नाही. बेळगावच्या वडगाव-खासबाग भागातील हातमाग-यंत्रमागावर मजुरीने विणणाऱ्यांचेही तेच. याच्या उलट कचेरीतला पगार हजेरीवर मिळतो. मस्टरवर सही झाली, की दिवस भरला. विडी वळणारीच्या रिकाम्या वेळेला मोल नाही, आणि कचेरीतल्या माणसाच्या रिकाम्या वेळेला मोल असले तरी तोंड नाही. दोघांच्याही बाबतीत कामाचा आणि वेळेचा खरा हिशेब मांडलेला नसतो.

वेळेचा हा हिशेब मांडावा म्हणून मराठी माणसाने पूर्वी मोठा लढा दिलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी स्वतः काही काळ रेल्वे आणि टपाल खात्यांत नोकरी केली होती, पुढे ते एका गिरणीत भांडारपाल होते. १८८० पासून ‘दीनबंधू’ची धुरा त्यांच्याकडे आली. गिरणी कामगारांना तेव्हा आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, दोन स्त्री कामगारांनीही तीत भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवार हा पंचांगातून आला असे समजून घेतो. तो चळवळीतून आलेला आहे. लोखंडे यांची भूमिका साधी होती. माणसाच्या आयुष्यातला काही वेळ मालकाचा नसतो, आणि तो उघडपणे, हक्काने, मान ताठ ठेवून मिळाला पाहिजे. चोरून घेतलेल्या दहा तासांपेक्षा हक्काचा एक तास माणसाला अधिक मोठा करतो.

गिरणीतला वेळ निदान चात्यांच्या फेऱ्यांवरून मोजता येत होता. कचेरीतला वेळ मोजणे अवघड, म्हणून तिथे वेगळाच नियम चालू झाला. १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकात सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकाराने एक अर्धा विनोदी, अर्धा गंभीर लेख लिहिला. काम पुरे करण्यासाठी जितका वेळ हाताशी असेल तितके ते काम फुगत जाते, हे त्याचे सूत्र. पुरावा म्हणून त्याने ब्रिटिश नौदलाचे आकडे दिले. १९१४ ते १९२८ या काळात मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या; खलाशी आणि अधिकारीही सुमारे एक तृतीयांशाने घटले. परंतु नौदलाच्या मुख्य कचेरीतील अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. जहाजे गेली, कागद राहिले. पार्किन्सनच्या मते या माणसांपैकी कोणी आळशी नव्हता. सगळे दिवसभर कामात होते. ते एकमेकांसाठी काम निर्माण करीत होते.

अलीकडे याच गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास झाला आहे. अँड्र्यू ब्रॉडस्की आणि टेरेसा अमाबिले या अमेरिकन संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ७८ टक्के नोकरदारांनी आपल्याला इच्छा नसताना रिकामे बसावे लागते असे सांगितले, आणि अशा वेळेपोटी अमेरिकेत वर्षाला सुमारे १०० अब्ज डॉलर पगार दिला जातो असा त्यांचा अंदाज होता. त्याहून महत्त्वाचा त्यांचा दुसरा निष्कर्ष. काम संपल्यावर नुसते बसून राहावे लागणार आहे असे दिसले, की माणूस हातातले काम नकळत सावकाश करू लागतो. पण उरलेला वेळ आपल्या आवडीच्या गोष्टीसाठी मोकळेपणी वापरता येईल असे त्याला सांगितले, तर हा संथपणा पुष्कळसा नाहीसा होतो. म्हणजे मंदपणाचे मूळ स्वभावात शोधण्याआधी, काम लवकर संपविणाऱ्याच्या वाट्याला काय येते हे पाहावे. आपल्या कचेऱ्यांत त्याच्या वाट्याला बहुधा दुसऱ्याचे काम येते. शहाणा माणूस ते लवकरच ओळखतो.

पूर्वी खुर्चीच्या पाठीला कोट किंवा छत्री अडकवून साहेब ‘इथेच आहेत’ असे भासविले जाई. मार्च २०२० नंतर महासाथीमुळे पुष्कळांची कचेरी घरात आली, आणि संगणकावर बोटे फिरत आहेत की नाही यावर दुरून नजर ठेवणारी यंत्रे निघाली. तशी ती फसविणारीही निघाली. २०२४ साली अमेरिकेतील एका मोठ्या बँकेने, संगणकाच्या कळा दाबल्या जात असल्याचा खोटा देखावा केल्यावरून बारा-तेराहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. कोट जाऊन यंत्र आले. लपविण्याची गरज तशीच राहिली. अशा ठिकाणी माणूस दिवसभर थकतो, आणि संध्याकाळी आपण काय केले हे त्याला घरच्यांना सांगता येत नाही. हा थकवा कामाचा नसून देखाव्याचा असतो, आणि तो झोपेने जात नाही.

येथे कोणी असा प्रश्न विचारील, की कचेरीत वेळ रिकामा असेल तर लोकांची कामे का तुंबतात? हा प्रश्न कडोलीसारख्या गावाचा अगदी जिव्हाळ्याचा आहे. शेताचा उतारा काढण्यासाठी एकेकाळी किती हेलपाटे घालावे लागत, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. कचेरीच्या आत एका टेबलाला काम नसते, त्याच वेळी दुसऱ्या टेबलावर फाईल अडकलेली असते. आणि बाहेरच्या बाकावर शेतकरी भाकरीचे फडके गुडघ्यावर ठेवून बसलेला असतो. आतला रिकामा वेळ पगारी असतो, बाहेरचा बिनपगारी. त्यात कागद कन्नडमध्ये असला, तर मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्याला तो वाचून दाखविणारा शोधण्यात आणखी एक दिवस जातो. उत्पादकतेचे गणित मांडताना हा बाक सहसा कोणी मोजीत नाही.

तो मोजला, तर काय होते याची उदाहरणेही याच राज्यात आहेत. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखाली जमिनीचे सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले गेले, आणि २००१ च्या सुमारास तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपये भरून उतारा मिळू लागला. पुढे २०११ च्या सेवा-हमी कायद्याने, ‘सकाल’ या नावाने, कोणते काम किती दिवसांत झाले पाहिजे याची मुदत बांधून दिली; महाराष्ट्रानेही २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा केला. या कायद्यांची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांनी मोजमाप बदलले. माणूस किती तास खुर्चीवर होता हे विचारण्याऐवजी कागद किती दिवसांत हातात पडला, हे विचारले गेले. बाकावर बसलेल्याच्या दृष्टीने हाच प्रश्न खरा.

मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रत्येक रिकामा तास वाया गेलेला नसतो. अग्निशमन दलाचा जवान, रात्रपाळीची परिचारिका, पावसाळ्यात वीजकेंद्रावर बसलेला लाइनमन यांच्या नोकरीचा मोठा भाग वाट पाहण्याचा असतो. त्यांचे तयार असणे हेच त्यांचे काम. आग लागली नाही म्हणून पगार फुकट गेला असे शहाणा माणूस म्हणत नाही. ग्रंथालयाचा सेवकही याच वर्गातला. भर दुपारी एक ते चार कोणी फिरकत नाही. तरी दार उघडे असते, वर्तमानपत्रे नीट लावलेली असतात, आणि एखादा मुलगा भीत भीत आत डोकावला तर त्याला ‘ये, बैस’ म्हणणारे कोणी तरी तिथे असते. त्या मुलासाठी ती सारी दुपार जागी ठेवलेली असते.

रिकामा वेळ पिकतोही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत शिक्षक असताना नोकरीच्या वेळेबाहेर यंत्रांविषयी वाचीत, हाताने दुरुस्त्या करीत. ते मुंबईहून सायकली धाडीत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकीत व चालवायला शिकवीत. फावल्या वेळेतला हा व्यवहार पुढे बेळगावचा कारखाना झाला आणि १९१० साली किर्लोस्करवाडीला गेला. श्रीनिवास रामानुजन १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून लागले. हिशेबाचे काम उरकल्यावर ते तिथेच गणित मांडीत. त्यांचे वरिष्ठ नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार. त्यांनी या वहीकडे गुन्हा म्हणून पाहिले नाही, ते तिचे कौतुक करणारे ठरले. जानेवारी १९१३ मध्ये हार्डींना गेलेले जगप्रसिद्ध पत्र एका कारकुनाचे होते. नारायण सुर्वे मुंबईत पालिकेच्या शाळेत शिपाई होते; शिकत शिकत ते शिक्षक झाले आणि १९६२ साली त्यांचा पहिला कवितासंग्रह आला. अशी माणसे विरळा, हे खरेच. साऱ्या कारकुनांनी रामानुजन व्हावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्यांची थट्टा होईल. या उदाहरणांतून घ्यायचे ते इतकेच, की वही टेबलाखाली लपवावी लागली नाही, तर तिच्यात काही उगवण्याची शक्यता असते.

रिकाम्या वेळेविषयीचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र ग्रंथालयाच्याच क्षेत्रातले आहे. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाने शियाळी रामामृत रंगनाथन यांना ग्रंथपाल नेमले. ते गणिताचे प्राध्यापक. वर्गात मुलांनी वेढलेले राहण्याची सवय. ग्रंथालयात मात्र कोणी येईना. काही दिवसांतच तो एकांत आणि ते रिकामपण त्यांना असह्य झाले, आणि आपल्याला पुन्हा शिकविण्याच्या कामावर घ्यावे अशी विनंती घेऊन ते वरिष्ठांकडे गेले. त्यांनी ती लपविली नाही. वरिष्ठांनीही त्यांना कामचुकार ठरविले नाही. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास करा, परत आल्यावरही कंटाळा आला तर जुनी जागा तुमचीच, असे ठरले. रंगनाथन गेले, तिथली ग्रंथालये पाहिली, आणि परतल्यावर जुन्या जागेचे नाव त्यांनी काढले नाही. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. एका माणसाने आपला वेळ रिकामा जातो आहे हे उघडपणे सांगितले आणि ऐकणाऱ्याने ते ऐकून घेतले, म्हणून भारतीय ग्रंथालयशास्त्र उभे राहिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आज मात्र वारे उलट्या दिशेचे आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात एन. आर. नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले. २०२५ च्या आरंभी दुसऱ्या एका मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी ९० तासांची भाषा केली. दुसरीकडे महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला आणि त्यासाठी रोजची वेळ वाढविली. आइसलंडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात अडीच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे तास पगार न कापता ४० वरून ३५-३६ वर आणले, तेव्हा बहुतेक ठिकाणी काम घटले नाही. कारण आधी बैठका, अनावश्यक कागद आणि एकमेकांची वाट पाहणे कमी करण्यात आले. तास वाढवावेत की घटवावेत यावर वाद होत राहील. परंतु तासांत नेमके काय भरलेले आहे हे न पाहता केवळ त्यांची संख्या वाढविणे, म्हणजे वापसा नसताना कुरी घालणे होय.

कडोलीतील किंवा आसपासच्या गावांतील मुले आज पुणे-बंगळूरच्या कार्यालयांत नोकरी करतात. दहा तास कार्यालयात, दोन-तीन तास रस्त्यावर. त्या दहा तासांपैकी काही तास पडद्याकडे नुसते पाहत जातात हे त्यांनाही ठाऊक असते आणि त्यांच्या वरिष्ठांनाही. बोलत कोणी नाही. सणाला ती गावी येतात तेव्हा त्यांच्याजवळ पैसा असतो, उसंत नसते. याचा पहिला फटका बसतो तो ग्रंथालयासारख्या संस्थांना. कारण गावोगावची मराठी ग्रंथालये कुणाच्या वेळेवर चालली? शिक्षक, पोस्टमास्तर, कारकून आणि दुकानदार यांनी काम सुटल्यावरची संध्याकाळ दिली. कोणी खतावण्या लिहिल्या, कोणी फाटक्या पुस्तकांना खळ लावून पाठीवर कापड चिकटविले, कोणी वर्गणीसाठी दारोदार फिरले. या ग्रंथालयाची शंभर वर्षे म्हणजे अशाच संध्याकाळींची बेरीज आहे. कार्यालय ती संध्याकाळ गिळू लागले, तर पुढच्या शंभर वर्षांसाठी लागणारा वेळ कुठून यायचा?

म्हणून या प्रश्नाकडे नोकरदाराचा खाजगी गाऱ्हाणा म्हणून पाहता येणार नाही. ज्यांच्या हाती कचेऱ्या आहेत त्यांनी हजेरीऐवजी पुरे झालेले काम मोजावे, वापशाचे दिवस कबूल करावेत, आणि काम लवकर संपविणाऱ्याला शिक्षा न करता मोकळे सोडावे. जे नोकरी करतात त्यांनी भिंतीला तुंबड्या लावण्याचे थांबवावे. बाहेरच्या बाकावर कोणी बसले आहे का, हे आधी उठून पाहावे. आणि तिथे कोणी नसेल, तर उरलेला तास निःसंकोचपणे पुस्तकाला द्यावा.

रंगनाथन यांचे चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवावा असे सांगते. मराठीत ‘वाचणे’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. अपघातातून माणूस वाचतो, आणि दिव्याखाली पुस्तक वाचतो. वाचलेला वेळ कुठे न्यावा, याचे उत्तर आपल्या भाषेने असे आधीच देऊन ठेवलेले आहे. कचेरी सुटल्यावर थोड्या वेळाने इथले दिवे लागतात. सभासदांनी त्या दिव्यांखाली येऊन बसावे, आणि येताना शेजारच्या एखाद्या थकलेल्या तरुणालाही बरोबर आणावे, एवढीच या शताब्दीच्या प्रसंगी विनंती.